तुरटीचे तारे आणि दुधाची पाने : ठाण्यातील एका नाताळ-विज्ञान कार्यशाळेचे परीक्षण

नाताळच्या झाडावर टांगायच्या शोभेच्या वस्तू मुलांनी साध्या विज्ञानप्रयोगांतून स्वतः तयार कराव्यात, या कल्पनेवर आधारलेल्या एका कार्यशाळेचे हे परीक्षण आहे. ठाण्यात नौपाड्यातील गोखले रस्त्याच्या मागच्या गल्लीत, एका इमारतीच्या तळमजल्यावर, डिसेंबरातील सलग दोन रविवारी सकाळी हा वर्ग भरला. वयोगट सात ते तेरा वर्षांचा होता आणि साहित्यासह शुल्क एका मुलामागे १२०० रुपये होते. माझा पुतण्या या वर्गात होता आणि पालकांना मागच्या बाकांवर बसण्याची मुभा असल्यामुळे मला सर्व काही जवळून पाहता आले. मी स्वतः शाळेत रसायनशास्त्र शिकवते, म्हणून सजावटीपेक्षा तिच्यामागच्या शास्त्राकडे माझे लक्ष अधिक होते. काही उणिवा स्पष्टपणे लिहायच्या असल्याने वर्ग चालवणाऱ्यांचे नाव मी येथे देत नाही. घोडबंदर रस्त्यावर, वाशीत किंवा नेरुळमध्ये अशाच वर्गात मुलांना पाठवू इच्छिणाऱ्या पालकांनाही हे मुद्दे उपयोगी पडतील.

अशा वर्गाकडून माझी अपेक्षा एकच असते. मूल घरी आणलेले लटकन आजीला दाखवील तेव्हा ते असे का झाले आणि कशाने वेगळे झाले असते, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. चमकी आणि गोंद वापरून सुंदर वस्तू कोणत्याही हस्तकलेच्या वर्गात बनते. विज्ञानाचे नाव लावून शुल्क घेतले, तर मुलाने एखादी गोष्ट बदलून तिचा परिणाम पाहिलेला असायला हवा. या कार्यशाळेत चार प्रकारची लटकने झाली. त्यांपैकी एक प्रकार या अपेक्षेला पूर्ण उतरला, दोन बऱ्याच अंशी उतरले आणि एक अजिबात उतरला नाही.

पूर्ण उतरला तो तुरटीचा तारा. असे स्फटिक उगवण्यासाठी परदेशी पद्धतीच्या कृतींत बहुधा टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, वापरतात आणि आपल्याकडे मिळणाऱ्या तयार खोक्यांतही पुष्कळदा तोच असतो. या वर्गाने टाकणखार कटाक्षाने टाळला, आणि ही त्यांची सर्वांत योग्य निवड होती असे माझे मत आहे. बोरॉनच्या या क्षारांना युरोपीय संघाने प्रजननक्षमतेला बाधक ठरणाऱ्या रसायनांच्या वर्गात घातले आहे. हात तोंडाला लावणाऱ्या लहान मुलांच्या टेबलावर तो ठेवण्याची काहीच गरज नाही. तुरटी मात्र आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे. पावसाळ्यात गढूळ पाणी निवळायला आणि दाढीनंतर गालावर फिरवायला ती वापरली जाते, जांभळी नाक्याच्या काष्ठौषधीच्या दुकानांत ती सहज मिळते, आणि एका ताऱ्याला पुरेल एवढी तुरटी पन्नास रुपयांच्या आत येते. अर्थात तिचे द्रावणही पिऊ नये आणि डोळ्यांत जाऊ देऊ नये, ही सूचना दोन्ही दिवशी सुरुवातीलाच दिली गेली.

कृती सोपी होती, पण तिची मांडणी विचारपूर्वक केलेली होती. प्रत्येक टेबलावर दोन सारख्या काचेच्या बरण्या, एक तापमापक आणि वजनकाटा होता. प्रत्येक बरणीत अर्धा लिटर गरम पाणी आणि १५० ग्रॅम कुटलेली तुरटी घालायची, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचे आणि लोकर गुंडाळलेला तारेचा तारा आडव्या पेन्सिलीला बांधून द्रावणात सोडायचा. पाणी ओतण्याचे काम मोठ्यांनीच केले. त्यानंतर एक बरणी टॉवेलमध्ये गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात ठेवली आणि दुसरी थेट बर्फाच्या पाण्यात. दोन्ही बरण्यांतील पाणी, तुरटी आणि लोकर सारखीच होती. फरक होता तो निवण्याच्या वेगाचा. ढवळणे चालू असताना शिकवणाऱ्या ताईंनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. १०० मिलिलिटर पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे १४ ग्रॅम तुरटी विरघळते, ५० अंशांना सुमारे ३७ ग्रॅम. मग त्यांनी मुलांना विचारले की आपण घातलेल्या तुरटीपैकी पाणी निवल्यावर किती तुरटीला पाण्यात जागा उरणार नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी पाटीवर हिशेब करून जवळपास निम्म्या तुरटीला बाहेर पडावे लागेल हे काढले, आणि संपृक्त द्रावण ही पाठ्यपुस्तकातील संकल्पना त्यांच्यासमोर बरणीत उभी राहिली.

बर्फातल्या बरणीत थोड्याच वेळात पांढरा भुगा दिसू लागला. दुसरी बरणी मात्र पुढच्या रविवारपर्यंत तशीच न हलवता ठेवली होती, आणि ती उघडली तेव्हा लोकरीवर नखाएवढे, चकचकीत कडांचे, पारदर्शक स्फटिक बसलेले होते. एका मुलीच्या टेबलावरील थर्माकोलचे झाकण नीट बसले नव्हते, त्यामुळे तिच्या दोन्ही बरण्यांत बारीक दाणेच झाले होते. ती रडवेली होऊन म्हणाली, "ताई, माझा तारा सगळ्यांपेक्षा वाईट झालाय." ताईंनी तिला नवा तारा दिला नाही की सांत्वनाचे शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी तिच्या बरणीशेजारी दुसऱ्या टेबलावरची बरणी ठेवली आणि सगळ्या वर्गाला विचारले, "दोघांनी तुरटी सारखीच घातली होती. मग इथे काय वेगळं झालं असेल?" मुलीनेच झाकणाची गोष्ट सांगितली. निवणे जलद झाले तर एकाच वेळी असंख्य ठिकाणी स्फटिकांची सुरुवात होते आणि उपलब्ध तुरटी त्या सर्वांत वाटली जाते. निवणे संथ असेल तर थोड्याच बीजांवर थर चढत जातात. हे स्पष्टीकरण त्यानंतर आले, आणि तोपर्यंत ते बहुतेक मुलांच्या ओठांवर होतेच. शिकवण्याच्या व्यवसायात असल्यामुळे मला माहीत आहे की उत्तर आधी सांगून टाकण्याचा मोह आवरणे किती कठीण असते, आणि म्हणून या एका प्रसंगासाठी मी शिकवणाऱ्या ताईंचे मनापासून कौतुक करते.

तुरटीच्याच संदर्भात आणखी एक प्रसंग नोंदवण्याजोगा आहे. काही मुलांनी लाल तारा हवा म्हणून द्रावणात खाण्याचा लाल रंग भरपूर घातला होता. दुसऱ्या रविवारी बरणीतले पाणी गडद लाल राहिले होते आणि बाहेर काढलेले स्फटिक मात्र जेमतेम गुलाबी झाक असलेले, आतून जवळजवळ रंगहीन निघाले. मुले हिरमुसली. स्फटिक वाढताना त्याच्या नियमित रचनेत तुरटीचेच घटक बसत जातात आणि रंगाचे मोठे रेणू बाहेर लोटले जातात. पदार्थ शुद्ध करण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ त्यांचे पुन्हा स्फटिक करतात ते याच गुणामुळे, असे त्यांना सांगण्यात आले. खडीसाखरेचा उल्लेख येथे झाला असता तर मुलांना हे अधिक जवळचे वाटले असते, कारण साखरेचे शुद्धीकरणही स्फटिकीकरणानेच होते.

आता याच प्रयोगातील एक चूक. मुलांना दिलेल्या पत्रकात या ताऱ्यांना "हिमकण" म्हटले होते आणि शेजारी षट्कोनी हिमकणाचे चित्र छापले होते. हिमकणाला सहा बाजू असतात त्या पाण्याचे रेणू गोठताना ज्या षट्कोनी जाळीत बसतात तिच्यामुळे. हिमकण नेहमी सहा टोकांचाच का असतो, हा प्रश्न योहान्नेस केप्लर याने १६११ मध्ये एका छोट्या निबंधात विचारला होता, आणि उकिचिरो नाकाया या जपानी भौतिकशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये प्रयोगशाळेत कृत्रिम हिमकण तयार करून तापमान व बाष्प यांनुसार त्याचे आकार कसे बदलतात ते दाखवले. तुरटीचा स्फटिक निराळाच असतो. तो अष्टफलक असतो, म्हणजे तळाशी जोडलेल्या दोन चौकोनी पिरॅमिडांसारखा, आणि प्रत्येक मुलाच्या हातातील भिंगाखाली तो आकार स्वच्छ दिसत होता. तारा सहा टोकांचा झाला होता तो तार तशी वाकवल्यामुळे. मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आणि पत्रकातील चित्र यांत विसंगती राहू देणे मला योग्य वाटले नाही. वर्गानंतर मी हे ताईंच्या कानावर घातले आणि त्यांनी ते मोकळेपणाने मान्य केले. पुढच्या तुकडीच्या पत्रकात हा बदल व्हावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दुधाची पाने हा दुसरा प्रकार. कोमट दुधात व्हिनेगर घातले की दूध फाटते हे आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे, आणि पनीरही त्याच मार्गाने होते. आम्लता वाढून सामू, म्हणजे आम्लतेचे माप असलेला पीएच, ४.६ च्या जवळ आला की केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना दूर ठेवणारा विद्युतभार गमावतात आणि गोळा होऊन खाली बसतात. हा चोथा फडक्यातून घट्ट पिळून, मळून, साच्यात पानाच्या किंवा घंटेच्या आकाराचा दाबायचा आणि सावलीत वाळवायचा, की टणक, हस्तिदंती रंगाची वस्तू तयार होते. १८९९ मध्ये पेटंट मिळालेले गॅलालिथ नावाचे प्लास्टिक केसीनपासूनच बनत असे, ते कडक करण्यासाठी फॉर्मॅलिन या विषारी द्रावणात ठेवत, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोटांची बटणे व विणकामाच्या सुया त्यापासून होत. ही माहिती मुलांना फार आवडली. एका मुलाने आपल्या शर्टाची बटणे निरखून पाहिली आणि ही दुधाची आहेत का, असे गंभीरपणे विचारले.

मात्र येथे साहित्याची निवड चुकली. वर्गात पिशवीचे पूर्ण स्निग्धांशाचे दूध वापरले गेले. त्यामुळे चोथ्यात तूप राहिले, पृष्ठभाग तुपकट झाला आणि वाळताना बऱ्याच पानांना भेगा पडल्या. साय काढलेले दूध घेतले असते तर हे टळले असते, आणि दोन्ही प्रकारचे दूध शेजारी शेजारी घेतले असते तर तुरटीसारखाच एक सुंदर तुलनात्मक प्रयोग मुलांना मिळाला असता. व्हिनेगरबरोबर लिंबाचा रस आणि आमसुलाचे पाणीही ठेवता आले असते. कोकणपट्टीतील मुलांना त्यात विशेष गंमत वाटली असती. घरी कृती करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की फॉर्मॅलिनचा संस्कार नसलेले हे पान दमट हवेत बुरसते. ते पुरते वाळवून त्यावर पारदर्शक व्हार्निशचा हात द्यावा, आणि फॉर्मॅलिन घरी आणण्याचा विचारही करू नये.

गाळणी कागदावरील रंगीत फुलांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण तो प्रयोग सुटसुटीत होता आणि नीट पार पडला. काळ्या स्केचपेनाने गोल कागदाच्या मध्याभोवती ठिपके काढून मध्यातून पाण्याची वात दिली की पाणी केशाकर्षणाने पसरते आणि काळ्या शाईत दडलेले निळे, जांभळे, पिवळे रंग आपापल्या अंतरावर जाऊन थांबतात. कागदावरील या वर्णलेखनाच्या, म्हणजे क्रोमॅटोग्राफीच्या, मुळाशी असलेली पद्धत शोधल्याबद्दल आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांना १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. पाण्याने न हलणारी मार्करची शाई स्पिरिटमध्ये कशी पसरते हेही दाखवले गेले, ही चांगली जोड होती. वाळलेल्या कागदाला घड्या घालून केलेली फुले वजनाला अगदी हलकी असतात आणि आठ वर्षांखालील मुलांना ती पूर्णपणे स्वतः करता येतात.

मीठ-मैद्याच्या लटकनांचा चौथा प्रकार मात्र या कार्यशाळेतून काढून टाकावा असे मला वाटते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि साधारण वाटीभर पाणी मळून त्याचे आकार कापणे ही कृती थंड, कोरड्या हवेच्या आणि घरोघरी ओव्हन असलेल्या देशांतून आलेली आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. ठाण्याला एका बाजूस खाडी आहे, डिसेंबरातील पहाटेही येथे हवा दमट असू शकते, आणि पावसाळ्यात तर मिठाची बरणी उघडी ठेवण्याची सोय नसते. वर्गात केलेले तारे मुलांनी पहिल्या रविवारी ओलेच घरी नेले; त्यांपैकी बरेच दुसऱ्या रविवारी वाकलेल्या आणि चिकट अवस्थेत परत आले. हे का झाले याची चर्चा झाली असती तरी प्रयोग सार्थकी लागला असता, कारण ओला पदार्थ, कोरडा पदार्थ आणि आर्द्रता यांचा संबंध समजावायला यापेक्षा चांगले उदाहरण नाही. ती चर्चा झाली नाही. चिकट तारे बाजूला ठेवून त्यांवर चमकी लावण्यास सांगण्यात आले, आणि कार्यशाळेतील एवढा एकच तास मला निव्वळ हस्तकलेचा वाटला.

शेवटच्या अर्ध्या तासात चकाकत्या काचेच्या गोळ्यांची गोष्ट सांगितली गेली. जर्मनीतील थुरिंगिया प्रांतातल्या लाउशा या गावच्या काचकारागिरांनी एकोणिसाव्या शतकात फुंकून केलेले पोकळ गोळे नाताळच्या झाडांसाठी बनवायला सुरुवात केली, आणि यूस्टुस फॉन लीबिग या रसायनशास्त्रज्ञाच्या शोधांमुळे काचेवर चांदीचा पातळ थर चढवणे शक्य झाल्यावर त्यांना आरशासारखी झळाळी आली. एका पालकांनी हा प्रयोग मुलांकडून का करून घेत नाही, असे विचारले. त्यासाठी लागणारे सिल्व्हर नायट्रेट त्वचेवर काळे डाग पाडते आणि अमोनियायुक्त द्रावण तसेच ठेवून दिले तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो, म्हणून तो वर्गात केला जात नाही, असे उत्तर मिळाले. हे उत्तर अचूक होते, आणि आकर्षक दिसणारा प्रयोग सुरक्षिततेसाठी नाकारणाऱ्या वर्गावर माझा विश्वास बसतो.

व्यवस्थेविषयी थोडक्यात लिहिते. एका टेबलावर सहा मुले ही संख्या जास्त आहे. चार असती तर प्रत्येकाच्या हाती तापमापक आला असता. संरक्षक चष्मे सर्वांना दिले होते, पण लहान मुलांच्या मापाचे नव्हते. शिकवणे अस्खलित मराठीत झाले, स्फटिक, द्रावण, केशाकर्षण हे शब्द संकोच न करता वापरले गेले आणि इंग्रजी माध्यमातील मुलांनीही ते सहज उचलले. साहित्याची बाजारातील किंमत पाहता १२०० रुपये शुल्क जास्त वाटू शकते. तुरटीच्या दोन सत्रांसाठी मी ते आनंदाने देईन. मीठ-मैद्याचा तास वगळून त्या जागी दुधाचा प्रयोग सविस्तर घेतला, तर हे शुल्क पूर्णपणे रास्त ठरेल. आठ वर्षांखालील मुलांना आकड्यांचा भाग जड जातो, त्यांच्यासाठी रंगीत कागदांचे वेगळे, छोटे आणि कमी शुल्काचे सत्र असावे.

लटकने झाडावर लावण्याबाबत वर्गात काहीच सांगितले गेले नाही, म्हणून ते येथे लिहिते. आपल्याकडील रोपवाटिकांत "ख्रिसमस ट्री" म्हणून मिळते ते कुंडीतील झाड बहुधा अरॉकेरिया असते. त्याच्या आडव्या फांद्या लवचीक असतात आणि स्फटिकांनी भरलेला तारा हाताला लागतो त्यापेक्षा जड असतो. तो फांदीच्या टोकाला टांगला तर तरफेच्या नियमाने फांदी खाली वाकते, म्हणून तुरटीचे तारे खोडाजवळ आणि कागदी फुले टोकांना लावावीत. ताऱ्यासाठी प्लास्टिकचे वेष्टन असलेलीच तार घ्यावी, कारण तुरटीचे द्रावण आम्लधर्मी असते आणि उघड्या लोखंडी तारेचे तपकिरी डाग स्फटिकांवर उतरतात. तारा वाळवायला हेअर ड्रायर वापरू नये आणि तो तापणाऱ्या जुन्या दिव्यांच्या माळेजवळही ठेवू नये. तुरटीच्या वजनापैकी सुमारे ४५ टक्के हिस्सा तिच्या स्फटिकात बांधलेल्या पाण्याचा असतो, ९२ अंशांच्या आसपास ती त्याच पाण्यात वितळते, आणि तव्यावर तुरटीची लाही होते ती हे पाणी निघून गेल्यामुळेच. एलईडीची माळ चालते. फार कोरड्या हवेत हेच पाणी हळूहळू उडून स्फटिक पांढुरके पडतात. ते टाळण्यासाठी तारा पूर्ण वाळल्यावर त्यावर रंगहीन नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्यावेत आणि सण झाल्यावर तो मऊ कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.